‘गेन्योशा’ व ‘कोकुर्यूकाई’ : नांवें, बखरी आणि अस्सल कागद

१. प्रस्ताव

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून मिळालेलें एक इंग्रजी पुस्तक मध्यंतरीं आमच्यापुढें आणून ठेविलें. पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील असून त्यांत जपानांतील ‘काळा ड्रॅगन मंडळी’चें वर्णन होतें. ही मंडळी सम्राटासहि धाकांत ठेवी, राजवाड्यांतील खून तिच्या हुकुमानें होत, कोरियापासून मांचुरियापर्यंतचीं सर्व युद्धें तिनेंच घडवून आणलीं, असा त्याचा एकंदर सूर. त्याच पुस्तकांत तोयामा मित्सुरू या गृहस्थास तिचा अदृश्य सूत्रधार म्हटलें होतें. आमच्या स्नेह्यांस हेंच नांव दुसऱ्या एका संदर्भांत ठाऊक होतें. रासबिहारी बोस यांस १९१५ सालीं इंग्रजांच्या हातीं पडूं न देतां ज्यानें आश्रय दिला, तोच हा तोयामा. तेव्हां एकाच मनुष्यास एका पुस्तकानें राक्षस व दुसऱ्यानें देव ठरविलें असतां आपण काय समजावें, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न दूरदेशींचा खरा. परंतु तो सोडविण्याची रीति आपल्या वाचकांच्या रोजच्या परिचयाची आहे. बखर कोणीं, केव्हां व कोणाकरितां लिहिली हें पाहून मग तिच्या मजकुराची किंमत करावी, आणि त्याच काळचा तारीखवार कागद मिळेल तर त्यास अग्रमान द्यावा, ही ती रीति. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत ती आपणांस घालून दिली. तीच येथें लावून काय निष्पन्न होतें तें प्रस्तुत लेखांत पाहूं.

२. नांवांचा अर्थ

प्रथम नांवें. शब्दाचा अवयवार्थ व त्याचा रूढ अर्थ हे वेगळे असूं शकतात, हें आपल्या शास्त्रकारांनीं यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद करून सांगितलें आहे. ‘पंकज’ म्हणजे चिखलांत जन्मलेलें. पण म्हणून चिखलांतील बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं. ‘कोकुर्यूकाई’ या शब्दाचे अवयव पाडले तर ‘कोकु’ म्हणजे काळा, ‘र्यू’ म्हणजे ड्रॅगन नांवाचा नागसदृश काल्पनिक प्राणी, आणि ‘काई’ म्हणजे मंडळी. येथवर इंग्रजी भाषांतर बिनचूक आहे. परंतु मांचुरिया व सैबेरिया यांच्या सीमेवरून वाहणारी जी अमूर नदी, तिला चिनी लोक ‘काळ्या ड्रॅगनची नदी’ म्हणतात, व तींच अक्षरें जपानी उच्चारानें ‘कोकुर्यूको’ अशीं वाचलीं जातात. मंडळीनें नांव घेतलें तें त्या नदीचें. म्हणून ‘अमूर मंडळ’ हें तिचें खरें भाषांतर. रशियाची सत्ता अमूर नदीपलीकडे हटवावी हा जो तिचा हेतु, तो नांवांतच उघड सांगितलेला होता.

मराठी वाचकास हें समजण्यास एक दृष्टान्त पुरे आहे. अटकेपार झेंडा लागल्याची आठवण ठेवून एखाद्या मंडळीनें ‘अटक मंडळ’ असें नांव घेतलें, आणि सिंधुतीरींच्या त्या स्थळाची वार्ताहि नसलेल्या परदेशी भाषांतरकारानें कोशांत पाहून ‘लोकांस कैद करणारी टोळी’ असा त्याचा अर्थ दिला, तर जो घोटाळा होईल तोच येथें झाला आहे. या घोटाळ्यानें युद्धकाळीं पुष्कळ काम केलें; १९४२ सालीं अमेरिकेंत ‘ब्लॅक ड्रॅगन्स’ नांवाचा एक बोलपटहि निघाला.

‘गेन्योशा’ या दुसऱ्या व अधिक जुन्या संस्थेच्या नांवाची गति तशीच झाली. ‘गेन्’ म्हणजे काळसर किंवा गूढ, ‘यो’ म्हणजे महासागर, ‘शा’ म्हणजे संघ. यावरून ‘अंधाऱ्या समुद्राचा संघ’ असें भाषांतर होऊन वाचणाराच्या मनांत आपोआप भय उत्पन्न होतें. वस्तुतः क्यूशू बेटावरील फुकुओका शहरासमोरच्या समुद्रास ‘गेन्काई’ असें नांव आहे, आणि त्या समुद्रापलीकडे कोरिया. संघानें आपल्या दारापुढील समुद्राचें नांव घेतलें, इतकेंच.

३. गेन्योशाची उत्पत्ति

१८६८ सालीं जपानांत शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाची पुनःस्थापना झाली, व त्यानंतर थोड्याच वर्षांत सामुराई वर्गाचीं वतनें, तैनाती व तरवार बाळगण्याचा मान हीं सर्व गेलीं. वतनें बुडाल्यावर शस्त्रजीवी वर्गाची काय दशा होते हें १८१८ नंतरच्या महाराष्ट्रास सांगावयास नको. १८७७ सालीं साइगो ताकामोरी याच्या नेतृत्वाखालीं सात्सुमा प्रांतांत मोठें बंड झालें. फुकुओका येथील कांहीं सामुराईहि त्यास अनुकूल होऊन उठले व मोडले गेले. तोयामा व त्याचे कित्येक सोबती आदल्या वर्षापासूनच तुरुंगांत असल्यामुळें वांचले. यांपैकीं पुष्कळांचें शिक्षण ताकाबा ओसामु या नेत्रवैद्य विदुषीच्या पाठशाळेंत झालें होतें. ही बाई पुरुषवेष करून फिरे आणि चिनी शास्त्रग्रंथ शिकवी. अशा एका स्त्रीच्या हाताखालून हे दांडगे शिष्य निघावे, हा या इतिहासांतील एक विलक्षण योग आहे.

सुटल्यावर या मंडळींनीं शस्त्र सोडून सभा धरली. १८७९ सालीं त्यांनीं ‘कोयोशा’ नांवाची संस्था काढली. तिचेंच १८८१ सालीं ‘गेन्योशा’ झालें. हिराओका कोतारो हा पहिला अध्यक्ष. संघाचे नियम तीन होते: सम्राटाच्या कुळाविषयीं पूज्यभाव, स्वदेशाविषयीं प्रेम, आणि लोकांच्या हक्कांचें रक्षण. हा तिसरा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्या काळीं जपानांत प्रतिनिधिसभेच्या मागणीची जी चळवळ चालली होती तिचीच ही एक शाखा होती. १८८६ सालीं नागासाकी बंदरांत चिनी आरमारी खलाशी व जपानी पोलीस यांच्यांत रक्तपात झाला, आणि लोकांच्या हक्कांपेक्षां राष्ट्राचें बळ आधीं पाहिजे या मताकडे संघ त्यानंतर वळला, असें सांगतात.

ज्या संस्थेस ‘गुप्त’ म्हणतात तिचा बाह्य व्यवहार कसा होता तोहि पाहावा. तिचे नियम जाहीर होते. चिकुहो भागांतील कोळशाच्या खाणींतून तिच्या पुढाऱ्यांस द्रव्य मिळे. १८८७ पासून तिचें स्वतःचें वर्तमानपत्र होतें. तोयामा कधींहि अध्यक्ष झाला नाहीं व त्यानें सरकारी हुद्दा असा कधीं घेतला नाहीं, हेंच त्याच्या वजनाचें एक कारण. ज्यास कांहीं मागावयाचें नाहीं अशा मनुष्याच्या दारीं मंत्री, सेनापति, खाणवाले व फरारी बंडखोर सर्वच येत. गुप्तता होती ती संस्थेच्या अस्तित्वाविषयीं नव्हे. कोणत्या कामास कोणीं पैसा दिला व कोणीं इशारा केला, याविषयीं होती.

आणि तीं कामें सौम्य नव्हतीं. १८ ऑक्टोबर १८८९ रोजीं परराष्ट्रमंत्री ओकुमा शिगेनोबु याच्या गाडीवर कुरुशिमा त्सुनेकी या गेन्योशाच्या तरुणानें बाँब टाकला. परकीय न्यायाधीशांस जपानी न्यायालयांत बसविण्याची तरतूद ओकुमानें नव्या तहांत मान्य केली, हा राग. ओकुमाचा उजवा पाय कापावा लागला. कुरुशिमानें तेथेंच आपला गळा चिरून घेतला. तह बारगळला व मंत्रिमंडळ गेलें. पुढें १८९२ च्या निवडणुकींत गृहमंत्री शिनागावा याजिरो यानें लोकपक्षाच्या उमेदवारांवर जो जुलूम चालविला, त्यांत फुकुओका प्रांतीं गेन्योशाचे लोक सरकारच्या बाजूनें दांडके घेऊन उतरले. सर्व देशांत मिळून २५ माणसें मेलीं व ३८८ जखमी झालीं, अशी सरकारी गणति आहे. लोकांच्या हक्कांचें रक्षण करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या संघानें मतदारांचीं डोकीं फोडावीं, इतकें अंतर अकरा वर्षांत पडलें होतें.

४. राणीचा वध : पुराव्याची पहिली कसोटी

८ ऑक्टोबर १८९५ रोजीं पहाटे सोल येथील राजवाड्यांत घुसून जपानी लोकांनीं कोरियाच्या मिन राणीस ठार मारिलें. युद्धकालीन इंग्रजी पुस्तकांतून हें कृत्य सरसकट गेन्योशाच्या नांवावर घातलेलें आढळतें. कागद काय सांगतात?

कटाचा प्रमुख मिउरा गोरो हा सोल येथें असलेला जपान सरकारचा अधिकृत वकील. राजवाड्यांत शिरलेल्या जमावांत वकिलातींतील पोलीस व इतर नोकर होते. सोलमध्यें निघणाऱ्या एका जपानी वर्तमानपत्राचे लोक होते, व त्यांचा म्होरक्या आदाची केन्झो हा कुमामोतो प्रांतींचा. कुमामोतोच्या लोकांचा भरणा मोठा होता. फुकुओकाचे लोकहि होते. त्यांपैकीं तो कात्सुआकी याचें नांव प्रसिद्ध आहे. म्हणजे गेन्योशाच्या गोटांतील माणसें या पापांत होतीं हें खरें. पण काम गेन्योशाचें, असें म्हटल्यानें मिउरा व त्याचें सरकार हीं दोन्ही पडद्याआड जातात.

आरोपींस जपानांत परत आणून हिरोशिमा येथें चौकशी झाली. २० जानेवारी १८९६ च्या निकालपत्रांत आरोपींनीं कसा बेत केला, कोण कोणास भेटलें, पहाटे राजवाड्याच्या दारांतून जमाव कसा आंत गेला, हें सर्व ओळीनें सांगितलें आहे. मग एकाएकीं, प्रत्यक्ष गुन्हा आरोपींपैकीं कोणीं केला याचा पुरेसा पुरावा नाहीं असें म्हणून सर्वांस सोडून दिलें आहे. न्यायाधीशाची लेखणी राजवाड्याच्या आंतल्या अंगणांत येऊन थबकावी, ही गोष्ट कोणत्याहि बखरीपेक्षां अधिक बोलकी आहे. पुढें आदाची केन्झो जपानचा गृहमंत्रीहि झाला.

५. कोकुर्यूकाई व कोरियाचें विलीनीकरण : दुसरी कसोटी

उचिदा र्योहेई हा हिराओका कोतारोचा पुतण्या. ज्यूदोमध्यें निपुण, रशियन भाषा शिकून सैबेरिया ओलांडून आलेला. त्यानें फेब्रुवारी १९०१ मध्यें तोक्यो येथें कोकुर्यूकाई स्थापिली. तिनें मासिक काढलें व मांचुरिया-सैबेरियाचे नकाशे छापले. उचिदानें रशियाच्या भावी नाशाविषयीं लिहिलेल्या पुस्तकावर सरकारनें त्याच वर्षीं बंदी घातली, तेव्हां नांव सौम्य करून तें पुन्हा काढलें. १९०५ च्या जुलईंत सन यत्-सेन व त्याचे चिनी सहकारी यांची क्रांतिमंडळ स्थापण्याची पूर्वतयारीची सभा उचिदाच्याच घरीं भरली होती. म्हणजे शेजारच्या देशांतील क्रांतीस घर देणारा व शेजारच्या दुसऱ्या देशाचें राज्य गिळावयास निघालेला मनुष्य एकच.

कोरियाच्या प्रकरणांत मंडळीचा दावा मोठा आहे. १९०६ सालीं उचिदा हा रेसिडेंट-जनरल इतो हिरोबुमि याच्या पदरीं कोरियास गेला. तेथील ‘इल्चिन्होए’ या संस्थेच्या यी योंग-गू व सोंग ब्योंग-जुन या पुढाऱ्यांशीं त्यानें संधान बांधलें. दोन्ही राष्ट्रांचें ऐक्य करावें अशी विनंति त्या संस्थेनें डिसेंबर १९०९ मध्यें केली. ऑगस्ट १९१० मध्यें कोरिया जपानास जोडला गेला. मंडळीनें १९३० सालीं या प्रकरणाचा स्वतःचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्याच्या नांवांतच ‘गुप्त इतिहास’ असे शब्द घातले. तो वाचणारास असें वाटावें, कीं पडद्याआडून उचिदानें सूत्र हलविलें व राज्य पदरांत पडलें.

आतां एक तारीख पाहावी. कोरिया योग्य वेळीं जोडून घ्यावा असा ठराव जपानी मंत्रिमंडळानें ६ जुलई १९०९ रोजीं केला, व त्यास सम्राटाची संमति त्याच दिवशीं झाली. विनंतीपूर्वीं पांच महिने! म्हणजे नदी आधींच वळविलेली होती. उचिदा व त्याचे कोरियन मित्र तींत नाव घालून आपणच प्रवाह आणला असें सांगत होते. त्यांचें काम सरकारास उपयोगी पडलें, सोयीचें निमित्त झालें, हें मान्य. परंतु निमित्त व कारण यांतील भेद नैयायिकांनीं आपणांस फुकट शिकविलेला नाहीं.

शब्दांतहि हा भेद उमटलेला आहे. तारुइ तोकिचि या लेखकानें १८९३ सालीं जपान व कोरिया यांचें समान पायावर ऐक्य व्हावें असा एक ग्रंथ लिहिला. कोरियन व चिनी विद्वानांस वाचतां यावा म्हणून तो त्यानें अभिजात चिनी भाषेंत रचिला. आपल्याकडे सर्व प्रांतांच्या पंडितांकरितां संस्कृतांत लिहावें तसें. त्यांतील शब्द ‘गप्पो’, म्हणजे दोन राज्यांचा संयोग. यी योंग-गू या शब्दावर विश्वासला. सरकारी कागदांत मात्र ‘हेइगो’, म्हणजे एकाचें दुसऱ्यांत विलीन होणें, हा शब्द आला. तो परराष्ट्रखात्यांतील कुराचि तेत्सुकिचि या अधिकाऱ्यानें हेतुपूर्वक योजिला होता. विलीनीकरण होतांच महिन्याभरांत इल्चिन्होए बरखास्त करण्यांत आली. यी योंग-गू १९१२ सालीं जपानांत खिन्न मनानें वारला. तरीहि कोकुर्यूकाईच्या १९३० च्या ग्रंथाच्या नांवांत ‘गप्पो’ हाच शब्द कायम आहे. वीस वर्षांनंतरहि जो शब्द सोडवत नाहीं, तोच लेखकाची दुखरी जागा दाखवितो. असे शब्द टिपून ठेवणें हें संशोधकाचें काम होय.

६. साधनांची प्रतवारी

आतां साधनांची प्रतवारी करणें सोपें आहे. पहिला वर्ग या संस्थांच्या स्वरचित बखरींचा. गेन्योशाचा इतिहास १९१७ सालीं निघाला. सात्सुमाच्या बंडाचा कोकुर्यूकाईकृत सहा भागांचा वृत्तान्त १९०८ ते १९११ मध्यें. आणि पूर्व आशियाच्या ‘अग्रेसर वीरां’चीं चरित्रें तीन खंडांत १९३३ ते १९३६ मध्यें. यांत नांवें, गांवें, नातीं, मृत्युतिथि यांची सामग्री विपुल आहे व ती दुसरीकडे मिळणें कठीण. पण जेथें परिणामाचा दावा येतो तेथें हात आंखडता घ्यावा. ज्या सालीं सैन्यानें मांचुरिया घेतलें त्याच्या पाठोपाठ, ‘हें आम्हीं आधींच सांगितलें होतें’ असें सांगण्याची गरज पडलेल्या लोकांनीं हे शेवटचे खंड लिहिले आहेत.

दुसरा वर्ग शत्रुपक्षाच्या बखरींचा. यांत चांगलेंहि आहे. हर्बर्ट नॉर्मन या कॅनेडियन पंडितानें सप्टेंबर १९४४ मध्यें गेन्योशावर लिहिलेला निबंध अभ्यासपूर्ण आहे. पण त्याच्या भोंवतीं जें स्वस्त वाङ्मय वाढलें, त्यानें संस्थांच्या स्वतःच्या बढाया खऱ्या धरून त्यांवर फक्त काळा रंग चढविला. मौज अशी कीं, स्तुति करणारा व निंदा करणारा या दोघांचें एका गोष्टींत एकमत आहे: या मंडळी सर्वशक्तिमान होत्या. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानण्यापूर्वीं दुसऱ्यानें ती पहिल्याकडूनच ऐकली नाहीं ना, हें पाहावें लागतें.

तिसरा वर्ग अस्सल कागदांचा: मंत्रिमंडळाचे ठराव, वकिलातीच्या तारा, न्यायालयांचे निकाल, पोलिसांचीं टिपणें. यांतून संस्था लहान होतात. परंतु त्या लहान झाल्यानें रक्ताचा डाग लहान होत नाहीं. तो फक्त योग्य हातांवर जातो. ‘गुप्त मंडळीनें केलें’ हें वाक्य पुष्कळदां सरकारांस दोषमुक्त करणारें असतें. आमच्या मतें या विषयाच्या अभ्यासाचें मुख्य फळ हेंच.

७. रासबिहारींचा आश्रय

राहिला आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचा नाजूक भाग. रासबिहारी बोस हे फेब्रुवारी १९१५ मधील लाहोरचा उठाव फसल्यावर जूनमध्यें नांव पालटून जपानांत पोंचले. इंग्लंड व जपान यांचा १९०२ पासून दोस्तीचा तह होता. इंग्रजांच्या आग्रहावरून जपान सरकारनें २८ नोव्हेंबर १९१५ रोजीं त्यांस व हेरंबलाल गुप्त यांस देश सोडण्याचा हुकूम दिला, व मुदत २ डिसेंबरपर्यंतची. मुदतीपूर्वीं ते तोयामाच्या घरीं निरोप घेण्याकरितां म्हणून गेले. सांगतात तें असें कीं, पोलीस पुढल्या दारीं जोड्यांवर नजर ठेवून बसले असतां पाहुणे मागल्या वाटेनें मोटारींतून निघून गेले. शिंजुकु येथील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो व त्यांची पत्नी कोक्को यांनीं त्यांस दुकानामागील इमारतींत लपविलें. रासबिहारींचा विवाह पुढें १९१८ सालीं याच घरच्या तोशिको नांवाच्या कन्येशीं झाला, व १९२३ सालीं ते जपानचे नागरिक झाले.

आतां हद्दपारीचा हुकूम ज्या मंत्रिमंडळानें काढला त्याचा प्रधान कोण? १८८९ सालीं गेन्योशाच्या बाँबनें ज्याचा पाय गेला तोच ओकुमा शिगेनोबु. तेव्हां या आश्रयदानांत हिंदुस्थानाविषयींची कळकळ किती, आशियाच्या ऐक्याची भावना किती, आणि जुन्या प्रतिपक्ष्याचा हुकूम मोडण्याचा आनंद किती, हें वेगळें काढणें कोणास साधेल असें आम्हांस वाटत नाहीं. एवढें निश्चित, कीं शरणागतास त्यानें पाठ दिली नाहीं. आणि हें ऋण आपण मानलेंच पाहिजे. पण ऋणको म्हणून जन्मभर कृतज्ञ राहणें वेगळें, व इतिहासकार म्हणून साक्षीस उभें राहणें वेगळें. ज्या दारांतून रासबिहारी वांचले त्याच घरच्या गणगोतांत कोरियाच्या राणीस मारणाऱ्यांचे सोबती होते. कोरियन वाचकास तोयामाचें नांव ऐकून जें वाटतें तें आपणांस वाटत नाहीं, एवढ्याकरितां तें खोटें ठरत नाहीं.

८. उपसंहार

उचिदा १९३७ सालीं, तोयामा १९४४ सालीं व रासबिहारी जानेवारी १९४५ मध्यें वारले. युद्धानंतर ४ जानेवारी १९४६ च्या दोस्त सैन्याच्या हुकुमानें ज्या २७ संस्था बंद झाल्या त्यांत या दोन्ही होत्या. फुकुओका येथें गेन्योशाचें एक स्मारकगृह पुढें निघालें होतें; तें २००८ सालीं बंद होऊन त्यांतील वस्तु व कागद तेथील शहर-संग्रहालयांत गेले. जपान सरकारचे परराष्ट्र व लष्करी खात्यांचे जुने कागद २००१ पासून आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्रामार्फत कोणासहि घरबसल्या पाहावयास मिळतात. मंत्रिमंडळाचा ठराव व बखर हीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याची सोय आतां झाली आहे.

संग्राहक स्नेह्यांस आम्हीं सांगितलें तें असें: तें इंग्रजी पुस्तक टाकूं नका. १९४२ च्या सुमारास लोक कशाला भीत होते याचा तो अस्सल पुरावा आहे; १८९५ किंवा १९१० मध्यें काय घडलें याचा मात्र नव्हे. त्यांनीं पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तेवढें टिपण करून तें कपाटांत, अस्सल पत्रांच्या खणांत न ठेवतां, बखरींच्या खणांत ठेविलें आहे.